अडॅप्टर उन्हाळ्यातच का जातो?

घरातले विज्ञान

नागपूरमधील एक घर. घरात आजी-आजोबा दोघेच. मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात बंगळूरला. रोज रात्री साडेआठ वाजता व्हिडिओ कॉल येतो, नात शाळेतली गंमत सांगते, आजी तिला गोष्ट सांगते आणि मग दोन्हीकडची जेवणे होतात. आजोबा म्हणतात, दिवसभरातली ही वीस मिनिटे म्हणजेच आमचा खरा दिवस.

मे महिन्यातल्या एका रात्री साडेआठ वाजले आणि वाय-फायच्या राऊटरचा हिरवा दिवा लुकलुकून विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. आजोबांनी बटण बंद करून चालू केले, वायर हलवून पाहिली. काही उपयोग झाला नाही. तिकडे मुलगा फोन करकरून घाबरला, कारण आजींना रक्तदाबाचा त्रास. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने पाहिले आणि सांगितले, "राऊटर ठणठणीत आहे काका, अडॅप्टर गेला."

आजोबा वैतागले. दोन वर्षांपूर्वीही असेच झाले होते. त्याच्या दोन वर्षे आधीही. दर वेळी त्यांनी कंपनी बदलली, दर वेळी अडॅप्टर दोन वर्षांनी गेला आणि तोही ऐन मे महिन्यात. मुलाकडे मात्र अगदी तसाच अडॅप्टर पाचव्या वर्षीही बिनतक्रार चालू होता. "आमच्याच नशिबी खराब माल कसा येतो?" असा आजोबांचा सवाल.

दुरुस्तीवाल्याने उलट प्रश्न केला, "काका, तुम्ही हा ठेवता कुठे?"

अडॅप्टर होता टीव्हीच्या शोकेसमध्ये, काचेच्या दाराआड, सेट-टॉप बॉक्सच्या मागे. भिंत पश्चिमेची. पसारा दिसू नये म्हणून आजींनीच ती सोय केली होती. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर कंपनीपेक्षा त्या काचेच्या दाराआड जास्त दडलेले होते.

राऊटर, सेट-टॉप बॉक्स, मोबाईलचा चार्जर, एलईडी बल्ब, बिनतारी फोन, रक्तदाब मोजायचे यंत्र. आजच्या घरात असे दहा-बारा छोटे वीजपुरवठे सहज निघतात. ते कधी बंद पडणार याचा अंदाज बांधता येतो आणि त्यासाठी लागते फक्त शाळेतले गुणाकार-भागाकाराचे गणित. मात्र आधी आत काय चालते ते समजून घ्यायला हवे.

डबीतली टाकी

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि उलटसुलट वाहणारी असते. सेकंदाला ५० वेळा तिचे चक्र पूर्ण होते. राऊटरला किंवा मोबाईलला मात्र ५ किंवा १२ व्होल्टची, एकाच दिशेने सरळ वाहणारी वीज लागते. हे रूपांतर करणारी डबी म्हणजे अडॅप्टर.

उलटसुलट वीज एका दिशेला वळवली तरी ती सलग मिळत नाही. ती सेकंदाला १०० वेळा वर चढते आणि शून्यावर येते. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, पण घरात ते दिवसभर लागते. म्हणून आपण गच्चीवर टाकी बसवतो. नळ आला की टाकी भरते, नळ गेला की टाकीतले पाणी वापरायचे. अडॅप्टरमध्ये टाकीचे हे काम करणाऱ्या भागाला कपॅसिटर म्हणतात. जुने मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणतात.

सर्वसाधारण अडॅप्टरमध्ये अशा दोन प्रमुख टाक्या असतात. पहिली वीज आत येते तिथे. २३० व्होल्टच्या विजेचे टोक प्रत्यक्षात सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते, तेवढ्या दाबाची वीज ही टाकी साठवते. त्यानंतर ती वीज सेकंदाला हजारो वेळा, कधी लाखभर वेळा, चालू-बंद करून बारीकशा ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरवली जाते. दुसरी टाकी असते बाहेर पडण्याच्या दाराशी. तिथे ५ किंवा १२ व्होल्टची वीज एकसारखी होते.

या टाक्या म्हणजे ॲल्युमिनियमची छोटीशी नळकांडी. आत ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये कागद, अशी घट्ट गुंडाळी असते. कागद इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रवाने भिजवलेला असतो. एका पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि विजेचा साठा या थराच्या आधारावर होतो. नळकांड्याचे तोंड रबरी बुचाने बंद केलेले असते.

या कपॅसिटरचे आयुष्य त्या द्रवात असते. बुच कितीही घट्ट असले तरी द्रवाची वाफ वर्षानुवर्षे त्यातून हळूहळू झिरपत राहते. दादरा बांधलेल्या बरणीतही रस हळूहळू आटतो, तसेच हे. द्रव कमी झाला की टाकीची साठवण घटते आणि आतला विरोध वाढतो. विरोध वाढला की त्यातून येणारी-जाणारी वीज जास्त उष्णता निर्माण करते, उष्णतेने द्रव आणखी लवकर आटतो आणि शेवटी शेवटी हे दुष्टचक्र वेग घेते. म्हणूनच दोन वर्षे बरा चालणारा अडॅप्टर अखेरच्या दोन आठवड्यांत अचानक लहरी वागू लागतो.

पूर्वी रेडिओ आणि टेपरेकॉर्डरसोबत जड एलिमिनेटर मिळत असे. आताचा अडॅप्टर त्याच्या चौथाईही नसतो. हलका, सुटसुटीत आणि वीजही कमी खाणारा. पण लहान डबीला उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभागही कमी मिळतो. डबीला झरोके नसतात आणि सगळे भाग एकमेकांना खेटून बसवलेले असतात. गरम होणाऱ्या भागाशेजारीच द्रवाचे नळकांडे येते. जागा वाचते, पण उष्णता वाढते.

दहा अंशांचा नियम

कपॅसिटरच्या अंगावर बारीक अक्षरांत तापमान छापलेले असते, ८५ अंश किंवा १०५ अंश सेल्सिअस. त्याबरोबर कंपनीच्या माहितीपत्रकात तास दिलेले असतात, १,०००, २,०००, ५,००० किंवा १०,०००. "१०५ अंशांना २,००० तास" याचा अर्थ असा की सतत १०५ अंश तापमानात ठेवून ठरलेल्या प्रमाणात वीज खेळवली, तर २,००० तासांपर्यंत हा कपॅसिटर ठरवून दिलेल्या मर्यादेत काम करील. ही मर्यादा साधारणपणे अशी असते की साठवण २० टक्क्यांहून अधिक बदलू नये आणि आतले नुकसान ठरलेल्या आकड्याच्या दुपटीवर जाऊ नये.

दोन हजार तास म्हणजे जेमतेम ८३ दिवस. हे ऐकून कोणीही दचकेल. पण आपल्या घरातला अडॅप्टर १०५ अंशांवर चालत नाही. तापमान जसजसे कमी, तसतसे आयुष्य वाढते आणि तेही झपाट्याने.

उष्णतेने रासायनिक क्रियांचा वेग कसा वाढतो, याचे सूत्र स्वान्ते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडले. १९०३ मध्ये त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या सूत्राच्या आधाराने या कपॅसिटरांसाठी एक सोपा व्यवहारी नियम रूढ झाला आहे : तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट, १० अंशांनी चढले की निम्मे.

१०५ अंशांना २,००० तासांचा कपॅसिटर घेतला तर हिशेब असा होतो. वर्षाचे तास ८,७६० धरायचे.

९५ अंशांना ४,००० तास, म्हणजे साडेपाच महिने.
८५ अंशांना ८,००० तास, म्हणजे ११ महिने.
७५ अंशांना १६,००० तास, म्हणजे १ वर्ष १० महिने.
६५ अंशांना ३२,००० तास, म्हणजे ३ वर्षे ८ महिने.
५५ अंशांना ६४,००० तास, म्हणजे ७ वर्षे ४ महिने.

कपॅसिटर एकच. ५५ अंशांत तो सव्वासात वर्षांहून अधिक टिकतो आणि ८५ अंशांत वर्षही काढत नाही. मात्र हे तापमान खोलीचे नव्हे, तर अडॅप्टर चालू असताना आतल्या कपॅसिटरच्या अंगाचे आहे.

नागपूर आणि बंगळूर

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. अडॅप्टर चालू असताना आतला कपॅसिटर भोवतालच्या हवेपेक्षा ३० ते ३५ अंशांनी अधिक तापतो असे समजू. बंगळूरला मुलाचा अडॅप्टर उघड्या भिंतीवर आहे. भोवतालची हवा सरासरी २५ अंश धरली आणि तिच्यात ३० मिळवले, की झाले ५५. म्हणजे सात वर्षांहून अधिक आयुष्य. पाचव्या वर्षी तो चालू असला तर नवल काय?

नागपूरला मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या बंद शोकेसमध्ये सेट-टॉप बॉक्सची ऊब मिसळली की आतली हवा ५० अंशांवर गेली असे धरायला हरकत नाही. त्यात ३५ मिळवा. कपॅसिटर ८५ अंशांवर. एप्रिल, मे आणि जून हे तीन महिने असे धरू. उरलेल्या नऊ महिन्यांत शोकेसमधली हवा ३० अंश, म्हणजे कपॅसिटर ६५ अंशांवर.

इथे बहुतेकांची चूक होते. वर्षाचे सरासरी तापमान काढले तर ते ७० अंश येते आणि त्यावरून आयुष्य निघते २ वर्षे ७ महिने. पण सरासरी तापमानाची काढायची नसते, झिजेची काढायची असते.

उन्हाळ्याचे तीन महिने म्हणजे २,१९० तास. ८५ अंशांना एकूण आयुष्य ८,००० तासांचे. २,१९० ला ८,००० ने भागले की येते ०.२७. म्हणजे कपॅसिटरच्या आयुष्यातले २७ टक्के एका उन्हाळ्यातच खर्च झाले. उरलेले नऊ महिने म्हणजे ६,५७० तास. ६५ अंशांना आयुष्य ३२,००० तासांचे. भागाकार येतो सुमारे ०.२१, म्हणजे २१ टक्के. दोन्ही मिळून वर्षाला ४८ टक्के झीज. शंभर टक्के संपायला लागतात २ वर्षे आणि साधारण १ महिना.

आजोबांचा अडॅप्टर नेमका दोन वर्षांनीच जात होता.

उन्हाळ्याचे तीन महिने उरलेल्या नऊ महिन्यांपेक्षा जास्त आयुष्य खातात, हे या हिशेबावरून दिसते. अडॅप्टर मे महिन्यातच का गेला याचेही उत्तर यात आहे. आधीच क्षीण झालेल्या कपॅसिटरला शेवटचा धक्का उन्हाळाच देतो.

आता तोच अडॅप्टर शोकेसमधून काढून मोकळ्या भिंतीवर लावला आणि त्यामुळे बारा महिने तापमान १० अंशांनी उतरले असे समजा. उन्हाळ्यात ७५, इतर वेळी ५५. झीज निम्मी होते आणि आयुष्य ४ वर्षे २ महिने. खर्च काय? फार तर एक खिळा आणि थोडी जास्त लांब वायर.

घरच्या घरी अंदाज कसा बांधावा?

अडॅप्टर उघडून आत तापमापक लावण्याच्या फंदात मुळीच पडू नये. पहिल्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंतचा साठा असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ राहू शकतो. हा धक्का जीवघेणा ठरू शकतो. अंदाज बाहेरूनच बांधायचा.

अडॅप्टर नेहमीसारखा दोन तास चालू ठेवा. मग कोरड्या हाताने त्याच्या प्लॅस्टिकच्या अंगाला तळहात लावा. कोमट लागला तर बाहेरचे तापमान ४० अंशांच्या आसपास. चांगला गरम लागतो, पण हात ठेवता येतो, तर ४५ ते ५०. तीन-चार सेकंदांत हात काढावासा वाटला तर ६० च्या जवळपास. खात्रीच हवी असेल तर ज्या मल्टिमीटरला तापमान मोजणारी तार असते, तसा मीटर दुरुस्तीवाल्याकडे मिळतो. त्याची तार अडॅप्टरच्या बाहेरच्या अंगाला चिकटपट्टीने लावून वाचन घ्यावे.

या आकड्यात १५ ते २० मिळवा. हा झाला आतल्या कपॅसिटरच्या तापमानाचा ढोबळ अंदाज. आतल्या कपॅसिटरचे तास बाहेरून कळत नाहीत, म्हणून हात राखून हिशेब करायचा तर १०५ अंशांना २,००० तास धरावेत. मग वर दिलेल्या पाच ओळींमधून आयुष्य काढा. ही मोजणी एकदा मे महिन्यात आणि एकदा डिसेंबरात करावी. दोन्ही आकडे अडॅप्टरवर कागदाची पट्टी चिकटवून लिहून ठेवावेत. विकत घेतल्याची तारीखही त्याच पट्टीवर लिहावी. लोणच्याच्या बरणीवर आपण साल घालतो, तसेच.

अडॅप्टर दिवसाचे सहाच तास चालत असेल तर तासांचा हिशेब त्याप्रमाणे चौपट लांबेल. मात्र टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला म्हणजे त्याचा वीजपुरवठा बंद झाला असे नाही. तो आत चालूच असतो. खरी विश्रांती भिंतीवरचे बटण बंद केल्यावरच मिळते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हिशेबात ३० किंवा ४० वर्षे आली तरी त्यावर विसंबू नये. रबरी बुच वयोमानानेच जुने होते. म्हणून गणित काहीही सांगो, १५ वर्षांच्या पुढचा आकडा तज्ज्ञही धरीत नाहीत.

हिशेब कुठे चुकतो?

कपॅसिटर मुळात चांगला असेल तरच हा नियम चालतो. साधारण २००० नंतरच्या काही वर्षांत जगभरातल्या संगणकांचे मदरबोर्ड वर्ष-दोन वर्षांतच बंद पडू लागले होते. कपॅसिटरांची डोकी फुगत, फुटत आणि त्यांतून द्रव बाहेर येई. त्यांतल्या इलेक्ट्रोलाइटचे मिश्रणच सदोष होते. आत वायू तयार होऊन दाब वाढत होता. तिथे दहा अंशांचे गणित काय कामाचे? अंगावर १०५ छापले म्हणून आतला माल १०५ चा असतोच असे नाही.

विजेचा दाब अचानक उसळणे, जवळपास वीज पडणे, पावसाळ्यात ओल शिरणे, यांनी अडॅप्टर गेला तर तोही या हिशेबाबाहेरचा प्रकार. शिवाय अडॅप्टरच्या ताकदीएवढा भार त्यावर सतत असेल तर कपॅसिटरमधून जास्त वीज खेळते आणि तो आतूनच अधिक तापतो. एक अँपिअरच्या अडॅप्टरवर एक अँपिअर घेणारे यंत्र रात्रंदिवस चालवण्यापेक्षा दोन अँपिअरचा अडॅप्टर लावला तर तो सहसा थंड राहतो.

एलईडी बल्बलाही हाच नियम लागू आहे. केंद्र सरकारची उजाला योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली आणि तिच्याद्वारे ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघरी गेले. एलईडी बल्बच्या खोक्यावर बरेचदा २५,००० तास असा आकडा असतो. तो मुख्यतः प्रकाश देणाऱ्या एलईडीचा प्रकाश किती काळ टिकेल यावरून काढलेला असतो. बल्बच्या बुडाशी असलेल्या चिमुकल्या वीजपुरवठ्याची गोष्ट वेगळी. बल्ब छताला उलटा टांगला की उष्णता वर, म्हणजे थेट त्या बुडाकडेच चढते. त्यावर काचेचा बंद गोळा बसवला तर ती अडकून राहते. न्हाणीघरातला बंद गोळ्यातला बल्ब वारंवार जातो आणि ओसरीवरचा उघडा बल्ब वर्षानुवर्षे चालतो, याचे एक मोठे कारण हेच.

आजार आधी ओळखा

कपॅसिटर जाण्यापूर्वी बहुधा सूचना देतो. राऊटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतो, विशेषतः घरातली सगळी मंडळी एकाच वेळी इंटरनेट वापरतात तेव्हा. एलईडी बल्ब लुकलुकतो. अडॅप्टरमधून पूर्वी नसलेली बारीक शिट्टी किंवा गुणगुण ऐकू येते. फोनच्या स्पीकरमधून घरघर येते. हिवाळ्यात सकाळी यंत्र सुरू व्हायला तयार नसते आणि बटण दहा मिनिटे चालू ठेवल्यावर सुरळीत चालते. थंडीत दुबळ्या कपॅसिटरचा विरोध आणखी वाढतो, थोडी ऊब आली की तो उतरतो, म्हणून असे होते. हे दिसले की यंत्राला दोष देण्याआधी अडॅप्टर बदलून पाहावा. आतला कपॅसिटर दहा-वीस रुपयांचा असतो, पण त्यापायी हजारोंचा राऊटर किंवा सेट-टॉप बॉक्स भंगारात गेल्याची उदाहरणे घरोघरी सापडतील.

जळका वास आला, प्लॅस्टिक पिवळे-तपकिरी पडले किंवा डबी फुगली, तर मात्र प्रयोग नकोत. भिंतीवरचे बटण बंद करून अडॅप्टर काढून टाकावा.

नवीन अडॅप्टर घेताना व्होल्ट अगदी तेवढेच असावेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. पिनेच्या मध्यभागी धन आहे की ऋण, याचे छोटे चित्र डबीवर असते. ते जुन्याशी जुळवून पाहावे. भारतीय मानक ब्युरोची खूण आणि तिच्याखालचा "आर" अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही पाहावे. जुना अडॅप्टर ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावा.

जिथे हिशेब टाळून चालणार नाही

मोबाईलचा चार्जर गेला तर शेजाऱ्यांचा आणता येतो. राऊटर बंद पडला तर एक रात्र नातीचे तोंड दिसत नाही, एवढेच. पण काही अडॅप्टरांवर माणसाची प्रकृती अवलंबून असते. झोपेत श्वास अडखळणाऱ्यांना डॉक्टर रात्री सीपॅप यंत्र लावायला सांगतात. त्याचा अडॅप्टर बरेचदा पलंगाखाली, चादरीच्या झालरीआड किंवा गादी आणि भिंत यांच्या फटीत पडलेला असतो. तिथे हवा खेळत नाही. रात्रीचे आठ तास तो तापत राहतो.

अशा यंत्रांसाठी दोन गोष्टी कराव्यात. अडॅप्टर जमिनीपासून वर, चारही बाजूंनी हवा लागेल असा ठेवावा. पांघरूण, पडदा, वर्तमानपत्र यांपैकी काहीही त्यावर येऊ देऊ नये. आणि हिशेबाने निघालेले आयुष्य अर्धे झाले की यंत्र बनवणाऱ्या कंपनीचाच दुसरा अडॅप्टर आणून ठेवावा. तो नुसता कपाटात ठेवून विसरू नये. फार काळ न वापरलेल्या कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर दुबळा होतो. वर्षातून एक-दोनदा काही तास तो लावून वापरावा, म्हणजे तो चालतो याची खात्रीही होते. एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांच्या घरी गेल्यावर औषधांच्या तारखा पाहतो, तशीच अडॅप्टरवरची पट्टीही मुलांनी पाहावी.

नागपूरच्या त्या घरात आता राऊटरचा अडॅप्टर शोकेसच्या बाहेर, पंख्याचा वारा लागेल अशा उंचीवर भिंतीवर आहे. पसारा दिसतो म्हणून आजी अजून कुरकुरतात. अडॅप्टरवर आजोबांच्या अक्षरातली कागदाची पट्टी आहे. तिच्यावर खरेदीची तारीख आणि तिच्यापुढे चार वर्षांनंतरची तारीख. त्या तारखेच्या आधीच्या फेब्रुवारीत नवा अडॅप्टर आणायचा, असे त्यांनी ठरवले आहे. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी.